चुकलेले नेम आणि वहीतली सरासरी

रिसोड तालुक्यातील एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांचा रक्तदाब घरीच मोजून वहीत लिहून ठेवण्याचे काम या ताई दोन वर्षांपासून निष्ठेने करीत आहेत. पत्रासोबत वहीच्या एका पानाची प्रत होती. सकाळी १५२, संध्याकाळी १२८, दुसऱ्या दिवशी १४१, तिसऱ्या दिवशी पुन्हा १५०. खाली प्रश्न होता : 'यातला खरा आकडा कोणता?' त्याहून अवघड गोष्ट पुढच्या परिच्छेदात होती. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मळणीयंत्र अंगणात आलेले असताना, सासूबाई एकट्याच न्हाणीकडे निघाल्या आणि उंबरठ्याला अडखळून पडल्या. हाड मोडले नाही, पंधरा दिवसांत त्या हिंडू-फिरू लागल्या. 'परंतु दोन वर्षांत एकदाच माझे लक्ष हटले आणि नेमके तेव्हाच हे घडले. ते काही मनातून जात नाही,' असे ताईंनी लिहिले होते.

पत्राच्या शेवटी सहज म्हणून एक मजकूर जोडलेला होता. त्यांची मुलगी अमरावतीला शिकते आणि महाविद्यालयाच्या संघातून बास्केटबॉल खेळते. दिवाळीच्या सुटीत ती आजीच्या बाजेवर बसून मोबाइलवर अमेरिकेतील महिलांचे सामने पाहत होती. आजींनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, 'एवढी मोठी खेळणारी, तरी चुकतेच नं वं?'

ताईंच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आजींच्या या एका प्रश्नात दडलेले आहे, असे मला वाटते. म्हणून या वेळी स्तंभाची वाट थोडी मैदानावरून जाणार आहे.

बास्केटबॉल आपल्या जिल्ह्यात कबड्डी-खोखोइतका घराघरांत पोहोचलेला नाही, म्हणून आधी दोन शब्दांत खेळ सांगतो. जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर लोखंडी कडे असते. त्याचा आतील व्यास ४५ सेंटिमीटर. महिलांचा चेंडू साधारण अर्ध्या किलोचा, २३ सेंटिमीटर व्यासाचा. म्हणजे कडे चेंडूच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते. तरीही नेम साधणे सोपे नाही. चालू खेळात जवळून चेंडू कड्यात टाकला तर दोन गुण, आखलेल्या कमानीबाहेरून टाकला तर तीन गुण. प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केला तर एक मोकळी फेक मिळते, तिला फ्री थ्रो म्हणतात. फळ्यापासून ४.६० मीटरवरील रेषेमागे उभे राहायचे, समोर कोणी अडवायला नाही, घाई नाही, आणि मोल एका गुणाचे.

या एका गुणाचे मोल आपल्या मुलींनी अनुभवले आहे. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूला झालेल्या महिला आशियाई चषकाच्या 'ब' विभागात भारतीय संघाने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. अंतर अवघ्या दोन गुणांचे. पुण्याच्या शिरीन लिमये यांच्यासारख्या खेळाडूंनी पुढे भारतीय संघाचे कर्णधारपदही भूषविले. तेव्हा हा खेळ दूरच्या देशातला असला, तरी मराठी घरांना अगदी परका राहिलेला नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. जगातील उत्तम महिला खेळाडू किती वेळा चुकतात? अमेरिकेत महिलांची व्यावसायिक स्पर्धा, डब्ल्यूएनबीए, १९९७ मध्ये सुरू झाली. तेथे प्रत्येक फेकीची नोंद होते, त्यामुळे हिशेब पक्का आहे. मोकळ्या फेकीत या खेळाडू अलीकडच्या हंगामांत शंभरांपैकी ८० च्या जवळपास नेम साधतात. पुरुषांच्या स्पर्धेतही आकडा जवळपास हाच आहे, आणि तेथे तो कित्येक दशके ७५ च्या आसपास रेंगाळत राहिला. या काळात खेळाडू अधिक उंच, अधिक बळकट झाले, व्यायामशाळा सुधारल्या, चित्रफितींवरून दोष शोधण्याची सोय झाली. तरी समोर कोणी नसताना टाकायच्या फेकीत दर पाचांतली एक चुकतेच.

तीन गुणांच्या फेकीचा हिशेब आणखी बोलका आहे. डब्ल्यूएनबीएत ही कमान आरंभी कड्यापासून सुमारे ६.०२ मीटरवर होती. २००४ मध्ये ती ६.२५ मीटरवर गेली आणि २०१३ मध्ये ६.७५ मीटरवर. रेषा दूर जात राहिली, तरी नेमाचे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच टिकून राहिले. बदलली ती निवड. आरंभीच्या वर्षांत पाचांत एक फेक कमानीबाहेरून होत असे, आता जवळपास तीनांत एक होते. कारण साधे गणित आहे. शंभरांपैकी ३४ नेम तीन गुणांचे लागले तर १०२ गुण होतात. कमानीच्या किंचित आत राहून शंभरांपैकी ४० लागले तरी ८० च गुण. अधिक वेळा चुकण्याची तयारी ठेवूनही एकूण बेरीज वाढते, हे संघांनी हिशेबाच्या वहीतून ओळखले.

केटलिन क्लार्क हे नाव तुमच्या नातीने नक्की घेतले असेल. महाविद्यालयीन खेळात सर्वाधिक गुणांचा विक्रम करून ती २०२४ मध्ये व्यावसायिक खेळात आली. पहिल्याच हंगामात तिने तीन गुणांचे १२२ नेम साधले. नवख्या खेळाडूसाठी तो विक्रम ठरला. त्यासाठी तिने ३५५ फेकी केल्या होत्या. म्हणजे २३३ चुकल्या. त्या २३३ मधील कोणतीही एक फेक पाहणाऱ्याला 'या मुलीला नेम जमत नाही' असे वाटू शकले असते. आजींचे निरीक्षण बरोबर आहे : एवढी मोठी खेळाडू, तरी चुकतेच. फक्त तिची पारख एका फेकीवरून कोणी करीत नाही.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. वहीतला कोणताही एक आकडा खरा नाही आणि खोटाही नाही. खरी आहे ती सरासरी. रक्तदाब दिवसभर चढउतार करीत असतो. जिना चढला, चहा घेतला, लघवी तुंबली, कोणाशी शब्दाला शब्द झाला, अगदी मोजताना गप्पा मारल्या, तरी आकडा बदलतो. म्हणून घरी मोजण्याची पद्धत ठरलेली असावी. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. दंड हृदयाच्या पातळीवर येईल असा हात टेबलावर किंवा उशीवर ठेवावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ करावे, पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्या आकड्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर वही डॉक्टरांना दाखवावी. एका संध्याकाळचा १२८ पाहून गोळी टाळू नये आणि एका सकाळचा १५२ पाहून जादा गोळी देऊ नये.

दोन-चार आकड्यांवरून अर्थ काढण्याचा मोह माणसाला किती असतो, याचा अभ्यासही बास्केटबॉलवरच झाला आहे. एखादीचे सलग तीन नेम लागले की प्रेक्षक म्हणतात, हिचा हात आता तापला आहे, चौथाही लागणार. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या पुरुष व महिला खेळाडूंकडून फेकी करवून हा समज तपासला. सलग यशानंतर पुढची फेक लागण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले नाही. पुढे २०१८ मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या गणितातील एक सूक्ष्म त्रुटी दाखवली, त्यामुळे हात तापणे हा निव्वळ भ्रम नसावा असेही आता मानले जाते. वाद बाजूला ठेवू. एवढी बारीक गोष्ट ठरवायला शेकडो फेकींची नोंद लागली. आपण मात्र दोन चांगल्या दिवसांवरून 'आता आजी बऱ्या झाल्या' म्हणतो आणि दोन वाईट दिवसांवरून हातपाय गाळतो.

येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. काही आकडे सरासरीची वाट पाहत नाहीत. रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा एका बाजूची शक्ती गेली असेल, तर दुसरे मोजमाप न घेता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही लक्षणे आकडा कमी असतानाही आली तरी तेच करावे. मधुमेही व्यक्तीची साखर ७० च्या खाली गेली, तर शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. पडल्यानंतर डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता दुसरी गोष्ट. सरासरी वाढते कशाने? मोकळ्या फेकीत निष्णात असलेल्या खेळाडूंकडे पाहिले तर एकच उत्तर मिळते : ठरलेला क्रम. एलेना डेल डॉन ही या कलेतील सर्वश्रेष्ठांपैकी एक. २०१९ च्या हंगामात तिने ११७ मोकळ्या फेकींपैकी ११४ साधल्या. त्याच हंगामात चालू खेळातील निम्म्याहून अधिक फेकी, तीन गुणांच्या शंभरांपैकी ४३ आणि मोकळ्या फेकी शंभरांपैकी ९७, अशी तिहेरी कामगिरी करणारी ती डब्ल्यूएनबीएतील पहिली खेळाडू ठरली. तिची पद्धत पाहिली तर कोणालाही ती फारच साधी वाटेल. पाऊल ठरल्या जागी, चेंडू तीनदा जमिनीवर आपटायचा, हात काटकोनात आणायचा आणि सोडून द्यायचा. हालचाली जितक्या थोड्या, तितक्या चुकण्याच्या जागा थोड्या.

या क्रमातील दोन बाबी आपल्या वडीलधाऱ्यांच्या थेट उपयोगाच्या आहेत. पहिली नजर. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९० च्या दशकात महिला खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. ज्यांचा नेम उत्तम, त्यांची नजर फेकीपूर्वी कड्याच्या एका ठिकाणी लवकर जाऊन अधिक काळ स्थिर राहत होती. ज्यांचा नेम कच्चा, त्यांची नजर भिरभिरत होती. वृद्ध व्यक्ती बाजेवरून उठताना नेमके हेच बिघडते. उठता उठता ती चप्पल शोधते, हाक मारणाऱ्याकडे वळते, आणि तोल जातो. उठण्यापूर्वी समोरच्या भिंतीवरील एका खुणेवर नजर ठेवण्याची सवय लावावी. एखादे कॅलेंडरही चालेल. आणि घरच्यांनी, त्या उठत असताना मागून हाक मारू नये.

दुसरी बाब पाय. चेंडू हातातून सुटतो, पण त्याला उंची मिळते ती गुडघ्यांतून आणि घोट्यांतून. सामन्याच्या अखेरीस थकव्याने पाय जड झाले की गुडघे पुरेसे वाकत नाहीत आणि फेक कड्याच्या अलीकडेच पडते. आपल्या घरात हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. पडणे टाळायचे असेल तर काठीइतकेच मांड्यांचे बळ महत्त्वाचे आहे. ते मोजण्याची एक सोपी चाचणी जगभर वापरली जाते. चाके नसलेली, पक्की, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर दुमडून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते, ते मोजावे. ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला १० पेक्षा कमी आणि त्याच वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजावा. ७५ ते ७९ वयाच्या स्त्रीसाठीही १० हीच सीमा आहे. मोजताना जवळ एक माणूस उभा हवाच. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये.

आकडा कमी आला म्हणून खचू नये. तोच व्यायाम आहे. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा उठबस करावी. ठरलेली खुर्ची, ठरलेली वेळ, ठरलेली खूण. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. रोज मोजू नये, कारण रोजचा आकडा पुन्हा तुम्हाला एका फेकीत अडकवील. आणखी एक : काही वृद्धांचा रक्तदाब बसून चांगला असतो, पण उभे राहताच घसरतो. उठल्यावर चक्कर येण्याचे आणि पडण्याचे ते एक मोठे कारण आहे. उभे राहिल्यानंतर एक ते तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर तेही वहीत लिहून डॉक्टरांना सांगावे. विदर्भातील उन्हाळ्यात, पाणी कमी पोटात गेले की हा त्रास वाढतो.

ताई, आता तुमच्या मनातल्या सलाविषयी.

ज्या एलेना डेल डॉनचा उल्लेख वर केला, तिच्या थोरल्या बहिणीला, लिझीला, जन्मापासून दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि मेंदूच्या पक्षाघाताचाही त्रास आहे. २००८ मध्ये एलेनाला देशातील सर्वोत्तम गणल्या जाणाऱ्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. दोन दिवसांत ती सामान आवरून डेलावेअरला घरी परतली. लिझीशी फोनवर बोलता येत नाही, पत्र पाठवता येत नाही. स्पर्श आणि गंध एवढीच तिची ओळखीची भाषा आहे, आणि त्यासाठी जवळ असावे लागते. वर्षभर एलेनाने बास्केटबॉल सोडूनही दिला होता. पुढे घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठातून ती पुन्हा खेळू लागली आणि २०१६ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदकापर्यंत पोहोचली.

तिने आयुष्यात घेतलेला हा निर्णय प्रत्येकाने घ्यावा, असे मी सुचवीत नाही. मला तिच्या ११७ फेकींकडे लक्ष वेधायचे आहे. इतक्या निष्णात खेळाडूच्याही ३ फेकी चुकल्या, आणि त्या तिच्या सर्वोत्तम हंगामात चुकल्या. त्या तिघींसाठी तिने हात सोडून दिला असता, तर उरलेल्या ११४ कोणी टाकल्या असत्या?

तुम्ही दोन वर्षांत किती वेळा सासूबाईंना हाताला धरून न्हाणीपर्यंत नेले, याचा हिशेब करून पाहा. दिवसातून चारदा म्हटले तरी जवळपास तीन हजार फेऱ्या होतात. त्यातली एक सुटली. ती का सुटली याचा विचार जरूर करावा, जसा खेळाडू चुकलेल्या फेकीनंतर पाऊल कोठे होते ते पाहते. न्हाणीचा उंबरठा उतरता करून घ्यावा किंवा त्याला पिवळा पट्टा लावावा. भिंतीला पकडायला दांडी बसवावी. काढणीच्या आठवड्यात शेजारच्या कोणाला दोन तास येऊन बसायला सांगावे. बाजेजवळ हाक मारण्यासाठी घंटी ठेवावी. एवढे केले की त्या फेकीचे काम संपले. तिला दररोज रात्री पुन्हा पुन्हा टाकत बसू नये. जी काळजी घेणारी व्यक्ती स्वतःला क्षमा करीत नाही, तिची झोप जाते. झोप गेली की दुसऱ्या दिवशीचे लक्ष जाते, आणि पुढची चूक जवळ येते.

शेवटी एक घरगुती खेळ सुचवतो. नात सुटीत आली की आजींना भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसवावे. जुन्या मोज्यांचा एक मऊ गोळा करावा. सहा-सात फुटांवर रिकामे टोपले ठेवावे. नजर टोपल्याच्या कडेवर, पावले जमिनीवर, आणि दहा फेकी. खांदा दुखत असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर थोडे थांबावे. गोळे उचलण्याचे काम नातीचे. आजींना वाकू देऊ नये. दहांत किती पडले, ते रक्तदाबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहावे. पहिल्या दिवशी दोन पडतील, कदाचित एकही पडणार नाही. महिनाभराने सरासरी काढावी आणि या स्तंभाकडे कळवावी.

आणि आजींना माझा नमस्कार सांगून एवढे कळवावे, की त्यांनी बरोबर पाहिले होते. एवढी मोठी खेळणारी, तरी चुकतेच.